डोळे सरावेपर्यंत

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सहलीच्या वहीत ही ओळ सगळ्यात आधी लिहिली, कारण शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडायची नोकरदार सवय नेमकी इथे नडते. दुसरी ओळ फर्दापूरच्या टी-पॉइंटची. गाडी तिथेच लावायची आणि उरलेले चारेक किलोमीटर लेण्यांपर्यंत बसने जायचे. तिसऱ्या ओळीत ‘आत्याचे गुडघे’ एवढेच लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

हा सगळा घाट आत्याच्या डोळ्यांमुळे घातला गेला. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, काळा चष्मा उतरला, आणि एका दुपारी तिने कपाटातली एक साडी खिडकीशी नेऊन उलटीसुलटी करून पाहिली. कैक वर्षे ती साडी राखाडी म्हणून नेसत आली होती. “अगं, ही निळी आहे!” ती म्हणाली, आणि मग उरलेली दुपार घरातल्या निळ्या वस्तू शोधण्यात गेली. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि ते पिवळेपण सगळ्यात आधी निळा रंग खाते. बदल इतका सावकाश होतो की माणसाला कळत नाही. त्याला वाटते, साडीच विटली. रात्री जेवताना आत्याने जाहीर केले, “अजिंठ्याला जाऊ. तिथलं निळं एकदा नीट बघून येते.”

ती तिथे १९६९ साली गेली होती, चित्रकलेच्या डिप्लोमाच्या वर्गाबरोबर. त्या सहलीतले जेवण, मुक्काम, मास्तर सगळे ती विसरली आहे. आठवतो तो उजेड. लेण्याबाहेर एक माणूस उन्हात चकचकीत पत्रा धरून उभा होता, आत दुसरा पांढरे कापड ताणून. ऊन पत्र्यावरून कापडावर आणि कापडावरून भिंतीवर. पत्रा जरा कलला की बोधिसत्त्वाच्या खांद्यावरचा उजेड घसरून शेजारच्या दासीच्या हातावर जायचा. “आणि ढग आला की चित्र गेलं,” आत्या सांगते. “मग सगळी पोरं अंधारात ढग जायची वाट बघत उभी.”

तिथल्या निळ्याची गोष्ट तिला तोंडपाठ आहे. अजिंठ्याच्या रंगपेटीतले बाकीचे रंग साधे: गेरू, पिवळी माती, आसपासच्या खडकात सापडणारी हिरवी माती, चुन्यासारखे पांढरे, दिव्याची काजळी. कातळावर भाताचे तूस आणि गवत मिसळलेल्या चिखलाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर त्यावर रंगकाम. म्हणजे शेणामातीच्या घराला लागते तेवढेच सामान. फक्त निळा दुरून आला. तो लाजवर्द, आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधला दगड, कुटून-धुऊन केलेला. जुन्या, म्हणजे दहाव्या-नवव्या लेण्यांतल्या मूळ चित्रांत तो नाही. चारपाच शतके उलटल्यावर वाकाटकांच्या काळात तो आला आणि पहिल्या-दुसऱ्या लेण्यांत मोत्यांच्या सरांमधून, छतावरच्या फुलांमधून दिसू लागला. कोणी तरी तो दगड डोंगर, वाळवंट, नद्या ओलांडून वाघूर नदीच्या या घळीपर्यंत आणला आणि कोणी तरी त्याचे पैसे मोजले.

आत्याच्या डोळ्यासारखीच त्या चित्रांचीही एक कथा आहे. हैदराबादच्या निझामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० साली इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी या जाणकाराला बोलावले. गिलावा भिंतीपासून सुटून पोपडे पडत होते. चेक्कोनी आणि त्याच्या साथीदाराने ते पुन्हा चिकटवले. आज जे उरले आहे त्यातले बरेच त्यामुळे उरले आहे. पण वरून त्यांनी लाखेचा हात दिला, आणि लाख पिवळी पडत गेली. त्याआधी नक्कल उतरवणाऱ्यांनीही रेषा उठून दिसाव्यात म्हणून भिंतींना वॉर्निश फासले होतेच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची पुढची कित्येक दशके हा पिवळा पडदा कणाकणाने उतरवण्यात गेली. इटालियन माणसाला नावे ठेवणे सोपे आहे. मला तसे करवत नाही. लवकर आणि लख्ख दिसावे ही घाई त्याची एकट्याची नव्हती. वॉर्निश, मशाल, फ्लॅश ही सगळी एकाच घाईची पोरे.

तर नियोजन. एका परवानाधारक गाइडचा नंबर मिळाला. फोन लावला.

“अर्धा दिवस धरा ताई,” तो म्हणाला. “एक, दोन, सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस. मधी दहा नंबरात स्मिथसाहेबाची सही. दीड वाजता तुम्ही जेवायला मोकळे.”

“दहा नंबरात आम्हांला अर्धा तास हवा.”

“दहा नंबरात? तिथं काय दिसत नाय हो. काळं पडलंय सगळं.”

“म्हणूनच. आणि तेवढा वेळ तुम्ही काही बोलू नका. चालेल ना?”

पलीकडे जरा शांतता. “म्हंजे न बोलायचे पैसे?” आणि मग तो इतका मनमोकळा हसला की मलाही हसू आले.

माझा हट्ट उगाच नव्हता. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात आणि रंगांत रमणाऱ्या. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुकात जाग्या होणाऱ्या. भर उन्हातून अंधाऱ्या जागी गेले की शंकूंना जुळवून घ्यायला दहाएक मिनिटे पुरतात, दंडांना मात्र वीस-तीस मिनिटे, कधी त्याहून जास्त. उन्हाने विरून गेलेले त्यांच्यातले रंगद्रव्य पुन्हा साठायला तेवढा वेळ लागतोच, आणि म्हाताऱ्या डोळ्याला आणखी लागतो. मधेच कोणी मोबाइलचा पडदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून. मराठीत याला डोळे सरावणे म्हणतात. आता हिशेब करा. सहलीचा जथा एका लेण्यात दहा-पंधरा मिनिटे असतो. म्हणजे डोळे सरावू लागतात न लागतात तोच आपण चपला शोधत पुन्हा उन्हात येतो, आणि पुढच्या लेण्यात सगळे नव्याने. दिवसभर फिरून माणूस अजिंठा बघतच नाही, फक्त डोळे दिपवून घेतो. परत येऊन म्हणतो, फार पुसट झालीत हो चित्रं.

अंधुकाची आणखी एक गंमत आहे, पुर्किनये या चेक शास्त्रज्ञाने ती एकोणिसाव्या शतकात नोंदवली. संध्याकाळी उजेड कमी होऊ लागला की लाल रंग आधी काळवंडतो, निळा त्यामानाने तग धरतो. बागेत उभे राहून जास्वंद आणि गोकर्ण एकाच वेळी बघितली की हे घरबसल्या कळते. आत्याला हे सांगितल्यावर तिने मला ‘चित्रकलेच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात ते’ अशा नजरेने पाहिले.

गुहा आणि लेणे हे शब्द आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत मोठा फरक आहे. गुहा आपोआप होते. बोऱ्याच्या किंवा मेघालयातल्या गुहा चुनखडीत पाण्याने लाखो वर्षे पोखरून केल्या. तिथे छतावरून थेंबाथेंबाने लोंबलेल्या दगडांत गाइडला आकार शोधून द्यावे लागतात: हे शिवलिंग, ही पार्वती, हा आडवा पडलेला हत्ती. दख्खनचा काळा पाषाण पाण्याला असा वश होत नाही. इथे मोठा अंधार हवा असेल तर तो माणसालाच छिन्नीने करावा लागतो. नाशिकच्या, जुन्नरच्या शिलालेखांत अशा जागेला ‘लेण’ म्हटले आहे आणि दोन हजार वर्षे तो शब्द आपल्या तोंडी जवळजवळ तसाच राहिला. पुढे कानाला त्यात अंगावरचे लेणेही ऐकू येऊ लागले. आत्याच्या आईच्या बोलण्यात ‘लेणं’ म्हटले की ते कुठले हे मागच्यापुढच्या वाक्यावरून ओळखावे लागे.

गाइडची यादी मात्र मी बरीच फिरवली. अजिंठ्याचे क्रमांक काळाचे नाहीत, चालण्याचे आहेत. प्रवेशद्वारापासून घोड्याच्या नालासारख्या त्या वळणावर क्रमाने मोजत गेले आहेत. सगळ्यात जुने दहावे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, मधोमध. त्याच्या आजूबाजूला नववे, बारावे, तेरावे. मग शतकांची मोकळी जागा, आणि मग पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात एकदम उधाण. त्याचा मंत्री वराहदेव याचे सोळावे, उपेंद्रगुप्त या स्थानिक राजाचे सतरावे, बुद्धभद्र नावाच्या भिक्खूचे सव्विसावे. हे सगळे उधाण जेमतेम वीस वर्षांत, साधारण ४६२ ते ४८० या काळात आटोपले, असे वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्यभर हट्टाने मांडले. सगळ्यांना ते पटले नाही. मला ते पटावेसे वाटते, कारण चोविसाव्या लेण्यात अर्धवट सोडलेले खांब आणि न उपसलेला कातळ पाहिला की काम थांबले तो दिवस कुठला तरी एकच असावा असे वाटत राहते. छत आधी, जमीन शेवटी, हा खोदकामाचा क्रम तिथे उघडा दिसतो. आणि चोविसावे गाइडच्या यादीत नव्हते. वहीत लिहिले: २४, पाच मिनिटे, आत्या बाहेर बाकावर.

एकापासून सुरुवात केली तर गोष्ट शेवटाकडून ऐकल्यासारखी होते. शिवाय सगळ्या लेण्यांना जोडणारी ती आडवी पायवाट अलीकडची आहे. पूर्वी एकेका लेण्याला नदीपासून वर येणारा स्वतःचा जिना होता. सोळाव्याच्या पायथ्याशी दोन बाजूंना दोन हत्ती आणि आत बसलेला नागराज अजून ते सांगत उभे आहेत. वाघुरेच्या पाण्यातून पाय काढून, पायऱ्या चढून, दमून माणूस दारात पोचत असे. आपण शेजाऱ्याच्या गच्चीवरून आल्यासारखे बाजूने आत शिरतो. आत्याच्या गुडघ्यांना मात्र ही बाजूची वाट बरी. डोलीवालेही मिळतात, हे मी तिला सांगून पाहिले.

“मला उचलून न्यायला मी गणपती आहे का?”

प्रश्नचिन्हापुढे लिहिले: चालणार.

दहाव्या लेण्यातली ती सही म्हणजे मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ, तारीख २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या अधिकाऱ्याने घळीच्या पलीकडच्या कड्यावरून झाडीतली कमान पाहिली, आत शिरला, आणि खांबावर रंगवलेल्या आकृतीवर नाव कोरून मोकळा झाला. नाव आज डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात माती-राडा साचलेला होता आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. गाइड ते हमखास दाखवतात आणि लोक ते हमखास पाहतात. भिंतीवर दोन हजार वर्षांची चित्रे आहेत, आणि जथ्यातले निम्मे लोक माना वर करून एका शिकाऱ्याचे नाव शोधताहेत. ज्या गुन्ह्याला आज दंड होतो, तो दोनशे वर्षांपूर्वी केला की पर्यटन होते.

त्याच्या मागून आलेला मेजर रॉबर्ट गिल निराळ्या जातीचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली चित्रांच्या नकला करायला त्याला धाडले आणि तो या मुलखाचाच झाला. त्याची आणि पारोची कथा ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे मराठी घरांत पोचलेली आहे, त्यामुळे ती इथे सांगत नाही. वर्षानुवर्षे त्याने त्या अंधारात बसून मोठमोठी तैलचित्रे केली, ती लंडनला गेली, आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून हंगामामागून हंगाम तिथे राहिले. त्यांनी केलेल्या नकलांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत लंडनमध्ये खाक झाल्या. गिल भुसावळला पुरला आहे. आम्ही जळगावमार्गे येणार असलो तर भुसावळला तासभर थांबता येईल, अशी एक ओळ मी वहीत लिहिली आणि मग खोडली. आत्याला एका दिवसात एवढे पुरे.

हंगामाचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. लोक जातात थंडीत. स्मिथ गेला तो एप्रिलअखेर, कातळ पोळत असताना. पण विहार मुळात पावसाळ्यासाठीचे. वर्षावासात भिक्खूंनी भटकू नये, एका जागी राहावे, हा नियम. त्याच नियमातून डोंगराच्या पोटातल्या या कोठड्या वाढत गेल्या. तीन महिने समोर सप्तकुंडाचा धबधबा कोसळतो आहे, वाघूर दुथडी भरली आहे, आणि आत माणसे बसली आहेत, कुठेही न जाता. आपण जाऊन-येऊन सहा तासांत उरकतो. अभ्यासकांनी आणखी एक मांडले आहे: एकोणिसाव्या चैत्याचे तोंड दक्षिणायनाच्या शेवटच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि सव्विसाव्याचे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे. त्या सकाळी पहिले ऊन थेट स्तूपापाशी जावे अशी ती योजना. तिकीटखिडकी मात्र नऊला उघडते. सूर्याने तोवर बरीच वाट चाललेली असते.

शेवटी भाद्रपद ठरला. पाऊस ओसरलेला, धबधबा अजून जिवंत, शाळांच्या सहली सुरू व्हायच्या आहेत. बुधवार.

वही घेऊन आत्यासमोर बसले. ती मेथी निवडत होती. मी वाचत गेले: सकाळी पहिल्या बसने वर, थेट दहावे, अर्धा तास, गाइड गप्प. तिचा हात थांबला.

“त्याला गप्प का बसवलंस?”

मी दंड, शंकू, रंगद्रव्य सगळे सांगितले. डोळे सरावू द्यायचे, मधे बडबड नको.

“अगं, पण आम्ही तिथे थांबलो ते त्या बडबडीमुळेच,” ती म्हणाली. आणि मग पत्रा आणि कापड यांच्या पलीकडचे काही तरी तिला आठवले, जे इतक्या वर्षांत मी कधी ऐकले नव्हते. दहाव्यात त्या दिवशी पत्रेवाला नव्हताच. तिथलाच एक म्हातारा होता, त्याने उजव्या भिंतीशी सगळ्यांना नेले आणि षड्दंताची गोष्ट सुरू केली. सहा सुळ्यांचा पांढरा गजराज. त्याच्या दोन हत्तिणी. एकीला वाटले, दुसरीवर माया जास्त. ती झुरून मेली, पुढच्या जन्मी राणी झाली आणि राजाकडे हट्ट धरून बसली की मला त्याचेच सुळे हवेत. शिकारी निघाला, खड्डा खणला, विषारी बाण मारला. पण सुळे कापायला गेला तर हात पुरेना, जोर पुरेना. तेव्हा मरणाऱ्या हत्तीने स्वतःच सोंडेत करवत धरली.

“तिथपर्यंत आम्हांला काळ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं,” आत्या म्हणाली. “करवत म्हणाला तेव्हा मला एक कान दिसला. मग सोंड. मग एकदम अख्खा कळप, झाडांतून येणारा. सुळे बघून राणी मेली, गोष्ट संपली, आणि कोणी हलेना. गोष्ट नसती तर पोरंच ती, दोन मिनिटांत बाहेर पळाली असती.”

तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. मी वहीकडे बघत बसले. अंधार किती मिनिटांचा हवा हे मला ठाऊक होते, पण माणसाला तेवढा वेळ अंधारात धरून कशाने ठेवायचे याचा विचारच केला नव्हता. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सादर करतात तेव्हा कागदावरचे चित्र एकटे कधीच येत नाही. टाळ, वीणा, हुडूक आणि सांगणारा गळा त्याला हाताला धरून आणतात, आणि प्रसंग संपला की सावकाश बाजूला ठेवतात. तिथे गोष्ट चित्राचा अर्थ सांगायला नसते. ती बघणाऱ्याला जागेवर बसवायला असते. इसवी सनाचे आकडे, राजांची नावे, रंगांची रसायने हे सगळे मी वहीत लिहून ठेवले होते, आणि त्यातल्या एकानेही कोणी अंधारात वीस मिनिटे उभे राहिले नसते.

पुन्हा फोन.

“दादा, ते न बोलायचं राहू द्या. षड्दंताची गोष्ट येते का?”

“येती ना. पण लोक थांबत नाहीत ताई. सही बघितली की चालले. पुरी सांगून लई दिवस झाले.”

“पुरी सांगा. करवतीपर्यंत घाई करू नका.”

“म्हंजे आता बोलायचे पैसे,” तो म्हणाला, आणि टी-पॉइंटला साडेआठला उभा राहतो असे सांगून त्याने फोन ठेवला.

सामानाची यादी लहान आहे. पाण्याच्या बाटल्या, काढायला-घालायला सोप्या चपला, आत्याच्या गोळ्या. बॅटरी मी भरली होती ती काढून ठेवली. काल रात्री आत्याची पिशवी बघितली तर तळाशी, टॉवेलच्या खाली, धुऊन इस्त्री केलेला पांढरा पंचा होता, चार पदरी घडी घातलेला.

“हा कशाला?”

“असू दे.”

“आत्या, तिथे आता दिवे आहेत. आणि असलं काही करू देत नाहीत.”

“लाइट गेले तर?” ती म्हणाली, आणि पंचा पुन्हा टॉवेलखाली सारला.